गुडघ्यांचा मान

कोकणातला माणूस देवापुढे जितका खाली वाकतो, तितका तो भांडायच्या तयारीत असतो. बाहेरून आलेल्याला हे कळत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की एक म्हातारा गाभाऱ्यासमोर आडवा झालाय, कपाळ फरशीला टेकलंय, ओठ हलतायत. पाहुणा भारावतो. काय ही श्रद्धा! ओठ कशासाठी हलतायत ते मात्र जवळ जाऊन ऐकायला हवं. ‘देवा महाराजा, गेल्या साली मोहोर जळला, त्याच्या आदल्या साली तुडतुडा. तुझा नारळ आम्ही एकदाही चुकवला नाही. आता तूच काय ते बोल.’ याला प्रार्थना म्हणायचं तर म्हणा. मला ती थकबाकीची नोटीस वाटते. सरकारी नोटीस उभ्याने बजावतात, ही आडवं पडून, एवढाच फरक.

आमची पाली रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर. मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्याहून इकडे येतो आणि इथून एक रस्ता नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला निघतो. पाली म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला बल्लाळेश्वर आठवतो. ती पाली रायगड जिल्ह्यातली, अष्टविनायकातली. मोबाइलच्या भरवशावर निघालेला एखादा भाविक चुकून आमच्या नाक्यावर उतरतो आणि गणपतीचं देऊळ विचारतो. ‘गणपती दोनशेहून जास्त किलोमीटर मागे राहिला हो,’ असं त्याला सांगताना टपरीवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जी करुणा असते, ती खुद्द देवाच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेली नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणानेही इथल्या खड्ड्यांत भल्याभल्या गाड्यांना गुडघे टेकायला लावले, पण ती भक्ती वेगळी.

आमचा देव श्रीलक्ष्मीपल्लीनाथ. बऱ्याच घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे पुण्या-मुंबईची कुटुंबं इथे येतच असतात. लग्न झालं की जोडपं आणतात, मूल झालं की मूल आणतात, अमेरिकेचा व्हिसा मिळाला की तोही पासपोर्टासकट देवाला दाखवून नेतात. कुलदैवताचा कारभार मोठा आणि स्मरणशक्ती त्याहून मोठी, अशी समजूत असल्यामुळे कोणी रिकाम्या हाताने वाकत नाही आणि रिकाम्या हाताने उठायची कोणाची तयारी नसते.

साष्टांग नमस्काराची शास्त्रात व्यवस्थित मोजदाद आहे. छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे, अशी आठ अंगं. यातली मन, वाणी आणि दृष्टी ही तीन तपासायची कुठल्याच देवळात सोय नाही. मन हापूसच्या भावात असतं, वाणी गाऱ्हाणं घालत असते आणि दृष्टी बाहेर काढून ठेवलेल्या चपलांवर असते. साहजिकच सगळी जबाबदारी उरलेल्या पाच अंगांवर येते, आणि त्यातही गुडघ्यांवर, कारण खाली जाताना पहिले तेच टेकतात आणि उठताना शेवटपर्यंत तेच अडतात.

पण वाकणं म्हणजे शरण जाणं, असा अर्थ आमच्याकडे कोणी काढू नये. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडचं पडतं की डावीकडचं ते बघत बसायचं. उजवा कौल मिळाला तर देवाची आज्ञा. डावा मिळाला, तर प्रश्न नीट विचारला गेला नसेल. मग तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा घालतात. जमिनीच्या वाटणीबद्दल एका देवाला एका सकाळी चार वेगवेगळ्या शब्दांत विचारलेलं मी ऐकलं आहे. चौथ्या वेळी देवाने उजवं फूल टाकलं. मला वाटतं कंटाळून टाकलं.

खरी मजा शिमग्यात. एरवी आपण देवाकडे जातो, शिमग्यात देव पालखीत बसून आपल्या अंगणात येतो. ढोल वाजतात, पालखी खांद्यावर नाचते, घरच्या बायका ओटी भरतात. अशा वेळी माणसाने काय करावं? नमस्कार करावा आणि प्रसाद घ्यावा. पण पहिला नमस्कार कोणाचा? थोरल्या घरचा, की वर्षभर गावात राहून देवळाचे पत्रे शाकारणाऱ्याचा, की मुंबईहून येऊन वर्गणीच्या यादीत सगळ्यात वर बसलेल्याचा? देवापुढे आधी कोण वाकणार, यावरून एकमेकांपुढे कधीही न वाकण्याची शपथ घेतलेले भाऊ कोकणात वाडीवाडीला सापडतील. पालखीला खांदा कोणाचा, नारळ कोणाचा, मानाचा विडा कोणाला, ही प्रकरणं कोर्टातही जातात. दावा आजोबा लावतात, नातू चालवतो, आणि मधल्या पिढीने पोलीस बंदोबस्तात प्रसाद खाल्लेला असतो.

वाकण्याचा हिशेब मांडायला वकील देणारे आम्ही एकटेच नव्हेत, हा त्यातल्या त्यात दिलासा. इंग्रजांनी हेच काम १७९३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने केलं होतं. लॉर्ड मॅकार्टनी नावाचा त्यांचा वकील व्यापाराच्या सवलती मागायला चीनच्या चिएनलुंग बादशहाकडे गेला. तिथला रिवाज असा, की तीन वेळा गुडघे टेकायचे आणि दर वेळी तीनदा कपाळ जमिनीला लावायचं, म्हणजे एकूण नऊ. मॅकार्टनी म्हणाला, आमच्या राजापुढे मी एक गुडघा टेकतो, तुमच्यापुढेही एकच टेकीन. पुरे नऊ हवे असतील, तर माझ्या दर्जाच्या तुमच्या माणसाने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे तेवढेच घालावेत. हा गृहस्थ पालीत जन्मायचा तो चुकून आयर्लंडात जन्मला. बरीच घासाघीस झाल्यावर शेवटी एका गुडघ्यावर निभावलं. बादशहाने मेजवानी दिली, भेटी दिल्या आणि व्यापाराच्या सगळ्या मागण्या फेटाळल्या.

‘एका गुडघ्याला एवढंच मिळायचं,’ हा आमच्या अण्णांचा निकाल. अण्णा माझे चुलत चुलते. देवाधर्माच्या व्यवहारात त्यांचा शब्द गावात अखेरचा मानतात, कारण पुढे बोलायची कोणाची हिंमत नसते.

आपल्याकडची याहून झणझणीत गोष्ट बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे सगळ्या संस्थानिकांनी एकेक करून जायचं होतं. नियम ठरलेले होते. तीनदा लवायचं आणि मग बादशहाला पाठ न दाखवता उलट पावली मागे सरायचं. सयाजीराव पुढे गेले, एकदा लवले, वळले आणि सरळ चालत परत आले. बस्स. दोन लवणं कमी पडली आणि एक पाठ जास्त दिसली, तर इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोह झाल्यासारखा गिल्ला केला. दरबाराचं चित्रीकरण झालं होतं, त्यामुळे तो प्रसंग लोकांनी पडद्यावरही पाहिला. महाराजांनी नंतर खुलाशाचं पत्र दिलं, गडबडून गेल्यामुळे चूक झाली अशा अर्थाचं. ते पत्र खरं की पाठ खरी, हे ज्याने त्याने ठरवावं. मी पाठीच्या बाजूने आहे.

उलट गुडघे टेकून उंच झालेला माणूसही आहे. ७ डिसेंबर १९७० ला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सात गेले. तिथल्या ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं आणि एकदम ओल्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकून बसले. कोणी सांगितलं नव्हतं, कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मागणं काही नव्हतं, एका देशाच्या पापाची कबुली होती. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग विचारलं, ‘पदरात काय पडलं?’ मी म्हटलं, पुढच्याच वर्षी शांततेचं नोबेल. ‘मग ठीक,’ अण्णा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

आपल्या क्रिकेट संघाचा अनुभव वेगळा. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपल्या खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ एक गुडघा टेकला. सामना संपेपर्यंत दुसराही टेकला गेला. दहा गड्यांनी हरलो.

राजकारणातल्या गुडघ्यांवर लिहायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल, आणि आमच्या जिल्ह्यात तर नमन नावाचा लोकनाट्याचा प्रकारच आहे. रात्री मृदंगावर थाप पडते, देवांना नमन होतं, गण होतो, गवळण होते आणि मग दाढीवाला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर येऊन सगळ्यांची टर उडवतो. आधी नमस्कार, मग टवाळी, हा क्रम आम्ही लहानपणीच शिकलेले असतो. पुढाऱ्यांचा क्रम उलटा. पाच वर्षं टवाळी आणि मग नमस्कार. एरवी गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्यामुळे यांचे गुडघे वाकत नाहीत, निवडणूक जाहीर झाली की बाशिंग सोडून वाडीवाडीत फिरतात आणि दिसेल त्या आजीच्या पाया पडतात. आमच्या वाडीतल्या एका आजीने अशा एका उमेदवाराचं डोकं पायांवर तसंच दाबून धरलं. म्हणाली, ‘थांब रे बाबा, पाण्याच्या नळाचं आधी बोल, मग उठ.’ फोटोग्राफरला वाटलं आशीर्वाद चाललाय. त्याने चांगले तीन-चार फोटो काढले.

या सगळ्या थट्टेत एक गोष्ट थट्टेची नाही. वाकायची इच्छा असूनही ज्यांना पायरीच्या अलीकडेच उभं ठेवलं, अशी माणसं याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं, तेव्हा ती बातमी झाली. देऊळ सगळ्यांसाठी उघडं आहे ही बातमी व्हावी, यातच काय ते आलं. पहिला नमस्कार कोणाचा म्हणून कोर्टात जाणाऱ्यांनी रत्नागिरीच्या तारखेला गेल्यावर एकदा तिकडेही चक्कर मारावी. लांब नाही.

घरातला नमस्कार हे निराळं प्रकरण. पुरुषांनी साष्टांग घालावा आणि बायकांनी गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून नमस्कार करावा, असा आपला जुना प्रघात. म्हणजे गुडघे टेकण्याचं काम शास्त्रानेच बायकांकडे सोपवलेलं. पुरुष देवापुढे आडवा झाला की कुटुंबाचा कोटा संपला, असं समजून तो पंगतीला बसायला मोकळा. नव्या सुनेला मात्र देव झाला की ओसरीवरची माणसं सुरू. सासरे, चुलत सासरे, आतेसासूबाई, आणि ‘मी तुझ्या सासऱ्यांच्या मावशीची जाऊ’ असा ज्यांचा परिचय त्यांनाच नीट देता येत नाही अशा दोघीतिघी. पैठणी सावरत ती गुडघ्यांवर बसते, उठते, पुन्हा बसते. व्यायामाचे वर्ग चालवणारे याच हालचालीचे महिन्याला हजारो रुपये घेतात.

आणि ज्येष्ठांचं ते ‘असू दे, असू दे’! कोणी वाकायला लागलं की तोंडाने ‘असू दे’ म्हणायचं आणि त्याच वेळी पाय जरा पुढे सरकवायचा, ही कला साठीनंतर आपोआप अवगत होते. ‘असू दे’ ऐकून कोणी खरंच वाकायचा थांबला, तर त्याचं नाव महिनाभर घरात निघतं.

हल्लीच्या पोरांचा नमस्कार पायांपर्यंत पोचतच नाही. हात खाली येतो, समोरच्याच्या गुडघ्यापाशी किंचित थबकतो आणि छातीकडे परत जातो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि तळमजल्याचं बटण दाबायला कोणाला सवड नाही, असं काहीसं. अण्णा याला ‘गुडघेस्पर्श’ म्हणतात आणि आशीर्वादही त्या हिशेबानेच, अर्धा देतात. ‘आयुष्य’ म्हणतात, पुढचं ‘मान’ राखून ठेवतात.

पण सगळा दोष पोरांचा नाही, काही विजारींचाही आहे. गेल्या शिमग्याला मुंबईचा एक चाकरमानी तरुण आला, त्याची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. गुडघे पूर्ण दर्शन देत होते. आमच्या शेजारच्या आजी त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या. मग डोळे पुसून त्याच्या आईला म्हणाल्या, ‘बाय गो, किती नवस बोललीस याच्यासाठी? देवापुढे घासून घासून पोराच्या विजारीची काय दशा झाली बघ!’ ती विजार तशीच विकत मिळते आणि फाटकी असल्यामुळे महाग मिळते, हे आजींना सांगायची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही.

गंमत अशी, की याच पोराने दोन महिन्यांनी आरे-वारेच्या किनाऱ्यावर गुडघा टेकला. लग्नाआधीचं चित्रीकरण होतं. वरून ड्रोन फिरत होता, समोर नियोजित वधू उभी, हातात अंगठीची डबी, आणि हा ओल्या वाळूत एका गुडघ्यावर. छायाचित्रकाराचं समाधान होईपर्यंत सात वेळा टेकला. लाट आली तरी उठला नाही. ती चित्रफीत नंतर घरच्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवली. ओसरी स्तब्ध. कुलदैवतापुढे याला वाकवायला तिघांनी मान धरली होती! शेवटी आजीच म्हणाल्या, ‘बरं झालं. घरात कोणापुढे वाकायचं ते याला आधीच कळलं. आमच्या ह्यांना कळायला चाळीस वर्षं लागली.’

आता मूळ प्रश्न गुडघ्याचा. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो म्हणतात. त्यात आयुष्यभर चिरेबंदी पायऱ्या, डोंगरउताराच्या वाडीत राहणं आणि उकिडवं बसून केलेली कामं. साठीला कोकणातला गुडघा कुरकुरतो आणि सत्तरीला उघड बंड करतो. इंग्रजी वैद्यकात गुडघ्याच्या सुजेची दोन नावं आहेत. वाटीसमोर सूज आली तर मोलकरणीचा गुडघा आणि वाटीच्या खाली आली तर पाद्र्याचा. एक पुढे झुकून फरशी पुसणारीला व्हायची, दुसरी ताठ बसून प्रार्थना करणाऱ्याला. पाद्री किती वेळ प्रार्थना करत असतील ते त्यांचा देव जाणे, पण माझ्या मते यातला पहिला गुडघा देवाच्या दरबारी पुढे घ्यायला हवा.

इलाज म्हणजे गुडघा बदलणं. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात झाली आणि हा शब्द घरोघरी पोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा तो कोकणातल्या ओसऱ्यांवरही परवडू लागला. अण्णांनी उजवा करून घेतला. कोबाल्ट-क्रोमचा सांधा, मध्ये पॉलिएथिलीनची चकती. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण गुडघ्यावर बसू नका. अण्णांना चालण्यात रस नव्हता. त्यांची अडचण शास्त्रीय होती. आठ अंगांपैकी एक अंग आता धातूचं, ते धरायचं की नाही? भटजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘अण्णा, तुमचा सप्तांग धरू.’

तेव्हापासून अण्णा देवळात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गाऱ्हाणं घालतात. देवाच्या बरोबरीने बसल्यामुळे त्यांचा आवाज चढलाय, असं गुरवाचं म्हणणं. मागच्या वेळी मी स्वतः ऐकलं, ‘देवा, गुडघा नवा आहे, वरचेवर वाकवायला लावू नकोस. एकदाच काय ते सगळं देऊन टाक.’

अण्णांच्या शेजारी दर सणाला दोन-चार खुर्च्या वाढतायत. पण खुर्ची न घेता जिद्दीने खाली बसणारे म्हातारे-म्हाताऱ्या अजून बरेच आहेत. खाली जायला त्यांना श्रद्धा पुरते, उठायला मात्र दोन नातू लागतात आणि नातू बाहेर मोबाइलला रेंज शोधत असतात. तेव्हा कोकणातल्या समस्त देवस्थानांच्या विश्वस्तांना हात जोडून विनंती आहे. यंदा कमानीला नवा रंग नको, सभामंडपात आणखी एक पंखा नको, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी तर अजिबात नको. गाभाऱ्यासमोर, कमरेच्या उंचीवर, उठताना धरायला स्टीलची एक भक्कम दांडी तेवढी बसवा. खर्च फार नाही. ती पहिल्यांदा कोणी धरायची, यावरून वाद झाला तर अण्णांना बोलवा.